कर्नल आणि कर्नेल: यंत्रासाठी मेमरी कशी मागावी



आयोजकांनी कार्यक्रमाचं पत्रक पाठवलं, त्यात छापलं होतं, 'कर्नल यांचे कर्नलवर व्याख्यान'. आमच्या सौ. म्हणाल्या, "स्वतःवरच बोलणार? मग वेळेत संपायचं नाही." तर खुलासा आधीच करून टाकतो. मी निवृत्त कर्नल. आणि ज्याच्यावर बोलणार आहे तो कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. दोघांत एक साम्य मात्र आहे. दोघांचाही बराचसा दिवस लोकांच्या मागण्या ऐकण्यात, आहे त्यातून वाटप करण्यात आणि जे देता येत नाही त्याला स्पष्ट 'नाही' म्हणण्यात जातो.

माझी ओळख दोन वाक्यांत. मी इंदूरचा, होळकर कॉलेजचा बी.एस्सी., सिग्नल्समध्ये ३२ वर्षं काढली, २०१३ साली निवृत्त झालो आणि सिकंदराबादला सैनिकपुरीत घर केलं. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नाही, आणि आज जे सांगणार आहे ते मी पंचावन्न वर्षांचा झाल्यावर शिकलो. त्यामुळे तुमच्यात कोणी कॉम्प्युटर न शिकलेले असतील तर घाबरू नका. मला समजलं, म्हणजे तुम्हालाही समजेल.

शिकायची वेळ का आली, तिथून सुरुवात करतो.

२०१५ साली मी हैदराबादच्या एका छोट्या कंपनीत काम करत होतो. चौदा माणसं. आम्ही डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा बनवत होतो. मधुमेहाच्या रुग्णांचा पडदा हळूहळू खराब होतो, वेळेत कळलं तर दृष्टी वाचते. कॅमेरा लहान हवा, गावातल्या शिबिरात नेता यावा, ही कल्पना. माझ्याकडे चाचणी आणि शिबिरांची व्यवस्था होती.

कॅमेरा ऑफिसच्या टेबलावर उत्तम चालायचा. शिबिरात सकाळी नऊला सुरू केला की अकरापर्यंत छान. बाराच्या सुमारास पडद्यावर ओळ यायची: मेमरी उपलब्ध नाही. आमचा टेक्निशियन हुशार. तो यंत्र बंद करून परत चालू करायचा. पुन्हा तासभर चालायचं. त्याने हे इतकं अंगवळणी पाडून घेतलं होतं, की मला कळवायचीही गरज त्याला वाटली नव्हती. फौजेत सगळ्यात धोकादायक बिघाड हाच असतो. ज्याची सवय होते, तो.

एका शिबिरात मी स्वतः हजर होतो. एक आजी चाळीस किलोमीटरवरून बसने आल्या होत्या. पडदा नीट दिसावा म्हणून आधी डोळ्यांत थेंब घालतात, बाहुली मोठी होते आणि पुढे काही तास सगळं धूसर दिसतं. आजींचे थेंब घालून झाले, आणि यंत्राने हात वर केले. बंद, चालू. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा. तोवर त्यांची शेवटची बस निघायची वेळ झाली. डोळ्यांवर रुमाल धरून, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून त्या फोटो न काढताच परत गेल्या.

मी रात्री यंत्राची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडली. त्या क्षणी मोकळी मेमरी किती होती? सहाशे एमबीहून जास्त. आणि आम्ही मागत किती होतो? आठ एमबी. घरात सहाशे पोती धान्य पडलंय आणि कोठीवाला आठ पोती द्यायला नाही म्हणतोय! मी आमच्या तरुण इंजिनिअरला विचारलं. मूळची बिदरची, घरी मराठी. ती म्हणाली, "सर, मोकळी आहे. पण सलग नाही."

मंडळी, आजचं अर्धं व्याख्यान या एका वाक्यात आहे.

कॉम्प्युटरची मेमरी पानांमध्ये वाटली जाते. साधारणपणे एक पान ४०९६ बाइटचं. आमचा फोटो १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, दर ठिपक्याला चार बाइट. गुणाकार करा, ८२,९४,४०० बाइट होतात, म्हणजे बरोबर २०२५ पानं. साध्या प्रोग्रामला ही पानं कुठेही विखुरलेली असली तरी चालतात, कारण प्रोसेसर त्यांना पाठोपाठचे क्रमांक देऊन ती सलग आहेत असं भासवतो. कॅमेऱ्याच्या चिपला मात्र तशी सोय नसते. ती प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहिते. याला डीएमए म्हणतात. तिला एक सुरुवातीचा पत्ता द्यायचा आणि ती तिथून पुढे सरळ लिहीत सुटते. म्हणून तिला २०२५ पानं प्रत्यक्षात एकापाठोपाठ एक लागतात.

रेल्वेचं उदाहरण घ्या. माझ्या हवालदाराला सोळा जवान आणि हत्यारांच्या पेट्या घेऊन जायचंय. त्याला ओळीने दोन कप्पे हवेत, म्हणजे सोळा बर्थ, पहारा ठेवता यायला पाहिजे. स्लीपरच्या डब्यात ७२ बर्थ. अख्ख्या गाडीत शंभर बर्थ रिकामे आहेत, पण इथे एक, तिथे दोन. टीटीई खरंच म्हणतो, "साहेब, जागा आहे, पण एकत्र नाही." सकाळी गाडी सुटताना डबे रिकामे असतात, तेव्हा हवालदाराला जागा मिळते. दुपारपर्यंत लोक चढतात, उतरतात, आणि रिकाम्या जागांचा चुरा होतो. आमचा कॅमेरा बाराला का अडायचा, ते कळलं?

यावर उपाय काय? पहिला जुना उपाय, एक डबा कायमचा राखून ठेवा. यंत्र सुरू होतानाच काही मेमरी बाजूला काढायची, कर्नेलला ती दिसूच द्यायची नाही. काम भागतं, पण कॅमेरा बंद असताना तो डबा रिकामाच धावतो. एक जीबीच्या यंत्रात हे परवडत नाही.

दुसरा उपाय, पत्ता बदलून देणारा मधला माणूस. तुमच्यापैकी ज्यांचं कोणी फौजेत आहे त्यांना ५६ एपीओ माहीत असेल. पत्रावर पत्ता ५६ एपीओचा, माणूस असतो सियाचिनच्या पायथ्याशी नाहीतर राजस्थानात. मधलं फौजी टपाल खाऱ्या पाण्यातून गोडं वेगळं काढावं तसं पत्र बरोबर माणसापर्यंत नेतं. चिपमध्ये हे काम करणाऱ्या भागाला आयओएमएमयू म्हणतात. विखुरलेली पानं तो यंत्राला सलग भासवतो. आजच्या मोठ्या चिपमध्ये तो असतो. आमच्या स्वस्त चिपमध्ये कॅमेऱ्यासाठी तो नव्हता.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो, कारण तो आपल्या रेल्वेच्या कोट्यासारखा आहे. जागा राखून ठेवा, पण गरज नसेल तोवर इतरांना बसू द्या. अट एकच. बसणारा उठवता आला पाहिजे. लिनक्समध्ये याला सीएमए म्हणतात. मिहाव नाझारेविच आणि मारेक शिप्रोव्हस्की यांचं हे काम. २०१२ साली लिनक्स ३.५ मध्ये ते आलं. कॅमेऱ्याने मागणी केली की कर्नेल त्या जागेतली पानं उचलून दुसरीकडे हलवतो आणि सलग जागा मोकळी करून देतो.

आमच्या यंत्रात हेच होतं. तरी अडलं का? कारण त्या कप्प्यात पायाला प्लास्टर घातलेला एक प्रवासी येऊन बसला होता. फोटो साठवण्याच्या गडबडीत काही पानं अशी धरली गेली होती, की ती हलवता येत नव्हती. दोन हजार पानांत अशी दोन-चार पानं मधोमध बसली तरी पुरतं. कर्नेल प्रयत्न करायचा आणि म्हणायचा, 'जागा व्यस्त आहे'.

आणि चूक आमचीही होती. आम्ही प्रत्येक फोटोला नवी जागा मागत होतो आणि झाल्यावर परत करत होतो. दिवसाला दोनशे वेळा गाडीत चढायचं आणि उतरायचं. उपाय सोपा निघाला. सकाळी यंत्र सुरू होताना, डबा रिकामा असतानाच जागा घ्या आणि संध्याकाळपर्यंत सोडू नका. आम्ही तसं केलं. बाराची कटकट बंद झाली. मी खूश. कंपनीत पेढे वाटले.

तीन आठवड्यांनी नेत्रतज्ज्ञ डॉक्टर बाईंचा फोन आला. त्यांनी एका फोटोवर बोट ठेवलं होतं. खालच्या कडेला बारीक आडव्या रेघा, काही गडद ठिपक्यांसारख्या. त्यांनी विचारलं, "कर्नल साहेब, हा डाग रुग्णाच्या डोळ्यातला आहे की तुमच्या यंत्रातला?"

मी बत्तीस वर्षांत अनेक वरिष्ठांची बोलणी खाल्ली आहेत. या प्रश्नासारखा प्रश्न कोणी विचारला नाही. पडद्यावरचा रक्तस्रावही बारीक गडद ठिपक्यांसारखा दिसू शकतो. यंत्र अडलं तर रुग्ण परत जातो, हे वाईटच. पण यंत्र न अडता चुकीचं दाखवत असेल, तर ते त्याहून वाईट.

आम्ही मोजलं. प्रत्येक रेघ बरोबर सोळा ठिपके लांब. सोळा गुणिले चार बाइट, चौसष्ट. आमची बिदरची इंजिनिअर म्हणाली, "सर, ही कॅश लाइन आहे." कॅश म्हणजे इथे रोकड नव्हे. प्रोसेसर मेमरीतला मजकूर आपल्या जवळच्या छोट्या वहीत उतरवून ठेवतो, म्हणजे दर वेळी कोठारापर्यंत जावं लागत नाही. त्या वहीची एक ओळ चौसष्ट बाइटची. आता बघा काय होत होतं. उजव्या डोळ्याचा फोटो आला. प्रोसेसरने तो वरून खालपर्यंत वाचला. शेवटच्या काही ओळी त्याच्या वहीत राहिल्या. काही सेकंदांत कॅमेऱ्याने डाव्या डोळ्याचा फोटो त्याच जागेवर लिहिला, थेट मेमरीत. प्रोसेसरला याचा पत्ताच नाही. खालच्या कडेशी आल्यावर त्याने मेमरी बघण्याऐवजी आपली वही बघितली. डाव्या डोळ्याच्या फोटोत उजव्या डोळ्याचे तुकडे!

आधी हे का दिसलं नव्हतं? कारण आधी दर फोटोला नवी जागा मागायचो. नवी जागा देताना कर्नेल ती पुसून, वह्या कोऱ्या करून देत होता. आम्ही जागा धरून ठेवायला लागलो आणि ती सफाई बंद पडली. एक दुरुस्ती केली आणि तिने दुसरी चूक उघडी पाडली. यंत्राने लिहून झाल्यावर आणि प्रोसेसरने वाचण्याआधी 'वही कोरी कर' असा एक आदेश द्यायला हवा होता. तो आदेश अस्तित्वात होता. चिपबरोबर आलेल्या कागदपत्रांत, शेवटून दुसऱ्या पानावर.

इथे मी माझ्या खऱ्या विषयाकडे येतो. चूक कोणाची? आमच्या मुलांची, आदेश विसरले म्हणून? हो. पण फौजेत एक गोष्ट शिकलो. दहा चांगली माणसं तीच चूक करत असतील, तर माणसं बदलू नका, फॉर्म बदला.

इंटरफेस म्हणजे फॉर्म. आमच्याकडे मागणीपत्र असतं, इंडेंट म्हणतो आम्ही. कोण मागतंय, काय हवं, किती, कशासाठी, कधीपर्यंत, परत करायचं की नाही, सही कोणाची. चांगल्या इंडेंटमध्ये गरज लिहिलेली असते. 'तीन नंबरच्या गोदामातल्या डाव्या कोपऱ्यातलं द्या' असं त्यात लिहीत नाहीत. गोदामाची फेरमांडणी झाली की असं मागणीपत्र रद्दी होतं.

लिनक्स कर्नेल लिहिणाऱ्यांनी गेली पंचवीस वर्षं हाच फॉर्म पुन्हापुन्हा खोडून लिहिला आहे. त्यातले तीन प्रसंग सांगतो.

पहिला. २००१ साली लिनक्स २.४ आलं. त्यात पीसीआय कार्डांसाठी मेमरी मागायचं एक फंक्शन होतं, पीसीआय अलॉक कन्सिस्टंट. चांगलं फंक्शन. यंत्राचं नाव सांगा, आकार सांगा, आणि ते दोन पत्ते द्यायचं: एक प्रोसेसरने वापरायचा, एक यंत्राने. घरच्यांना ५६ एपीओ आणि पलटणीला प्रत्यक्ष ठिकाण, तसंच. त्याआधी ड्रायव्हर लिहिणारे एका पत्त्यावरून दुसरा आपणच काढायचे, आणि यंत्र बदललं की ते गणित चुकायचं. शिवाय यंत्राची मर्यादा यंत्राच्याच नावे नोंदवायची सोय होती. जुन्या आयएसए कार्डांना चोवीसच पत्तारेषा, म्हणजे त्यांचा हात पहिल्या १६ एमबीपर्यंतच पोचायचा. बत्तीस रेषांच्या कार्डाचा ४ जीबीपर्यंत. पुलाच्या तोंडाशी लिहितात ना, किती टनांपर्यंतची गाडी जाईल, तसं. मर्यादा एकदा नोंदवली की कर्नेल आपोआप त्या हद्दीतली जागा देतो.

पण या फॉर्ममध्ये एक रकाना राहून गेला. 'मी थांबू शकतो का?' हा. काही मागण्या लढाईच्या मध्यावर येतात, क्षणभर थांबता येत नाही. बाकीच्यांना थांबता येतं, आणि थांबलं तर कर्नेल थोडी आवराआवर करून जागा काढू शकतो. रकानाच नसल्यामुळे कर्नेल प्रत्येक मागणी तातडीची धरायचा आणि वाट न पाहता हातात असेल ते देऊन मोकळा व्हायचा, किंवा नाही म्हणायचा. पुढे डीएमए अलॉक कोहेरंट या नव्या फंक्शनमध्ये तो रकाना आला. तरी जुनं फंक्शन कर्नेलमधून पूर्णपणे हटायला २०२२ साल उजाडलं. एक रकाना विसरण्याची किंमत एवढी असते.

दुसरा प्रसंग अँड्रॉइडचा. फोनमध्ये कॅमेरा, व्हिडिओ दाबून लहान करणारी चिप आणि डिस्प्ले, तिघांना तोच फोटो लागतो. दर वेळी नक्कल करायची म्हटलं तर सेकंदाला तीस फोटो आणि प्रत्येकाची नक्कल, बॅटरी त्यातच संपेल. म्हणून जागा एक आणि वापरणारे अनेक. प्रत्येक चिप कंपनीने यासाठी आपापली वेगळी पद्धत काढली होती. ती मोडून २०११ साली अँड्रॉइड ४.० बरोबर आयन नावाचा एक सामाईक इंटरफेस आला. त्याने बराच गोंधळ कमी केला, हे मान्य करायला हवं. पण त्याच्या फॉर्ममध्ये 'कोणत्या साठ्यातून हवं' याचा क्रमांक भरायचा असे. आणि क्रमांकाचा अर्थ प्रत्येक चिपवर वेगळा! म्हणजे 'तीन नंबरचं गोदाम', तेच. एका चिपवर लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या चिपवर भलत्याच गोदामाचं दार वाजवायचा. शिवाय सगळ्या साठ्यांना दरवाजा एकच. एकदा आत जायची परवानगी मिळाली की कोणताही साठा मागा. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरं नव्हे. दारूगोळ्याचं कोठार आणि किराण्याचं कोठार एकाच किल्लीने उघडत नाहीत.

तिसरा प्रसंग याची दुरुस्ती. ती दोन टप्प्यांत झाली. २०१२ च्या मार्चमध्ये लिनक्स ३.३ मध्ये डीएमए-बफ आलं. ते कर्नेलमध्ये आणणारे सुमित सेमवाल. कल्पना साधी आणि सुंदर. मेमरीच्या जागेला फाइलसारखी एक पावती द्यायची. पावती ज्याच्याकडे, त्याला जागा वापरता येते. पावती दुसऱ्या प्रोग्रामकडे सुपूर्द करता येते. शेवटची पावती परत आली की जागा मोकळी. प्रोग्राम मध्येच मेला तरी कर्नेल त्याच्या फाइली बंद करतोच, त्यामुळे जागा अडकून राहत नाही. मालक कोण आणि परत कधी करायचं, हे दोन्ही प्रश्न एका पावतीने सुटले. लष्करी भांडारात आम्ही हेच करायचो, पण कोणी वारला तर त्याच्या नावावरच्या वस्तू परत मिळवायला बोर्ड बसवावं लागायचं.

दुसरा टप्पा २०२० साली, लिनक्स ५.६ मध्ये, डीएमए-बफ हीप्स. इथे प्रत्येक साठ्याला स्वतःचं नाव आणि स्वतंत्र दरवाजा. कोणाला कुठली किल्ली द्यायची ते यंत्र बनवणारा ठरवतो. आयन २०२१ साली ५.११ मध्ये काढून टाकण्यात आलं. ते काढता आलं, कारण ते कर्नेलच्या 'स्टेजिंग' विभागात होतं, म्हणजे कच्च्या कामाच्या दालनात. नाहीतर लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडक कडक आहे: लोकांचे चालू प्रोग्राम मोडायचे नाहीत. म्हणजे बाहेरच्यांना दिलेला फॉर्म एकदा छापला की छापला. आत कर्नेलमध्ये काय वाटेल ते बदला, खिडकीवरचा फॉर्म बदलायचा नाही.

हीप्सच्या फॉर्ममधली एक छोटी गोष्ट मला फार आवडते. त्यात सूचनांसाठी एक रकाना ठेवलेला आहे, पण आज त्यात काहीही लिहायला परवानगी नाही. शून्य सोडून काही भरलं की मागणी नामंजूर. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, मग ठेवला कशाला? मग आठवलं, आमचे हेडक्लार्क सरकारी कागदावर रिकाम्या जागेत तिरपी रेघ मारायचे, म्हणजे मागाहून कोणी काही घुसडू नये. इथे तेच आहे. आज कोणी त्या रकान्यात केरकचरा भरला आणि आपण चालवून घेतलं, तर उद्या त्या रकान्याला अर्थ देता येणार नाही, कारण जुने प्रोग्राम मोडतील. उद्यासाठी जागा ठेवायची असेल तर आज ती सक्तीने रिकामी ठेवावी लागते.

सगळं सुटलं का? नाही. एक प्रश्न अजून उभाच आहे. कॅमेरा आणि डिस्प्ले दोघांना चालेल अशी जागा कोणती, हे ठरवायचं कोणी? कर्नेलला प्रत्येक यंत्राची मर्यादा माहीत असते, पण ही जागा पुढे कोणाकोणाकडे जाणार ते माहीत नसतं. प्रोग्रामला प्रवास माहीत असतो, मर्यादा माहीत नसतात. डीएमए-बफच्या रचनेत याला एक वाट ठेवलेली आहे. आधी सगळ्या यंत्रांनी नावं नोंदवायची, आणि सगळे जमल्यावर मगच जागा द्यायची. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी जागा आधीच दिली जाते, आणि कुठला साठा कोणाला चालतो याचं ज्ञान यंत्र बनवणाऱ्याच्या प्रोग्राममध्ये पुरून ठेवलेलं असतं. मुख्यालयाला नकाशा माहीत, जवानाला जमीन माहीत. दोघांची गाठ घालणारा फॉर्म अजून कोणाला नीट जमलेला नाही. इथे बसलेल्या किंवा घरी ऐकणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला हे जमलं, तर मला अवश्य कळवा. मी तोवर असेन अशी आशा आहे.

आता आमच्या कॅमेऱ्याकडे परत. वही कोरी करायचा आदेश आम्ही घातलाच. पण मी मुलांना म्हणालो, आदेश लक्षात ठेवणं हा उपाय नव्हे. उद्या नवा मुलगा येईल, तो विसरेल. मग त्यांनी चिपच्या लायब्ररीवर आपला एक छोटा फॉर्म चढवला. फोटो वाचायचा असेल तर आधी 'वाचायला सुरुवात' असं म्हणावंच लागतं, त्याशिवाय पत्ताच मिळत नाही. आणि तसं म्हटलं की वही आपोआप कोरी होते. विसरायची सोयच ठेवली नाही. पुढे मला कळलं की मूळ कर्नेलमध्येही, २०१६ च्या ४.६ पासून, डीएमए-बफ वापरणाऱ्या प्रोग्रामसाठी 'वापर सुरू' आणि 'वापर संपला' असे आदेश आले. पण ते द्यायचे लक्षात ठेवणं आजही प्रोग्राम लिहिणाऱ्यावरच आहे.

याशिवाय एक चाचणी सुरू केली. फोटो घेण्याआधी ती जागा भडक हिरव्या रंगाने भरायची. माणसाच्या पडद्यात तो हिरवा नसतो. फोटोत कुठे एक हिरवी रेघ दिसली, तर यंत्र तो फोटो डॉक्टरांना दाखवतच नाही, पुन्हा काढायला सांगतं. आणि आधी दिलेले सगळे फोटो डॉक्टर बाईंबरोबर बसून आम्ही पुन्हा तपासले. ज्यांच्याबद्दल शंका आली त्या रुग्णांना पुन्हा बोलावलं. कंपनीचा त्यात महिना गेला आणि पैसेही गेले. मालक नाराज झाले, पण थांबवलं नाही, याचं श्रेय त्यांना.

तुम्ही कोणी कर्नेल लिहीत असाल किंवा नसाल, दुसऱ्याने भरायचा फॉर्म कधीतरी बनवालच. शाळेचा, सोसायटीचा, बँकेचा. तेव्हा पाच प्रश्न विचारा. मागणाऱ्याने गरज लिहायची आहे की गोदामाचा क्रमांक? त्याची मर्यादा कुठे नोंदवली आहे? तो थांबू शकतो की नाही? दिलेली वस्तू कोणाची, आणि परत कधी? आणि नाही म्हणायचं झालं, तर ते स्पष्ट ऐकू जातं का? आमच्या पहिल्या बिघाडात यंत्राने निदान 'नाही' म्हटलं होतं. दुसऱ्यात त्याने चुकीचं 'हो' म्हटलं.

त्या आजींचं काय झालं, असं प्रत्येक ठिकाणी मला विचारतात. दुरुस्ती झाल्यावर आम्ही त्यांना बसने यायला लावलं नाही, गाडी त्यांच्या गावी नेली. देवळाच्या ओसरीवर कॅमेरा मांडला. त्यांच्याबरोबर गावातल्या आणखी एकतीस जणांची तपासणी झाली. आजींचा उजवा डोळा ठीक होता. डाव्यात सुरुवात होती, उपचार झाले. तो डाग खरोखर त्यांच्याच डोळ्यातला होता. यंत्रातला नव्हता, हे आम्ही त्या दिवशी छातीठोकपणे सांगू शकलो.

डॉक्टर बाईंचा तो प्रश्न मी कागदावर लिहून ऑफिसच्या भिंतीवर लावला होता. कंपनी सोडताना कागद तिथेच ठेवून आलो.

जय हिंद.